सायरन वाजला की आत

सोमवार, २९ डिसेंबर २०२५. दुपारी ३

रोजनिशी सुरू. एक जानेवारीची वाट आळशी माणसं बघतात. डायरी व्हॉल्व्हच्या सप्लायरने दिलेली, पानं जाड आहेत. ही कोणी वाचायची नाही, त्यामुळे सगळं खरं लिहायचं.

रिटायर होऊन महिना होत आला. चौतीस वर्षं तारापूर एमआयडीसी, त्यातली बावीस शिफ्ट इन-चार्ज अधिक सेफ्टी. मी गेल्यावर प्लांटचं कसं होणार याची काळजी होती, म्हणून फोन केला. चालू आहे म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

संकल्प: पाचला उठणे. पाऊण तास चालणे. साखर बंद. बायको चंद्रकांता हिला वेळ देणे (रोज दीड तास पुरे).

आज उठायला नऊ वाजले. अलार्मची बॅटरी बघायला हवी.

मंगळवार, ३० डिसेंबर

अपेक्षाचा पुण्याहून फोन. माझी रिटायरमेंट आणि लग्नाची तेहेतीस वर्षं, दोन्हीचं मिळून लेकीने आम्हाला क्रूझवर पाठवायचं ठरवलंय. मोठं जहाज, बाल्कनीची केबिन, मुंबई ते दीव, शुक्रवारी निघून सोमवारी परत. मी आधी नाही म्हटलं. पहिल्यांदा नाही म्हणावं, मान राहतो.

चंद्रा भाकरी थापत होती. तिने तिथूनच विचारलं, दीवला म्हणजे वर जाणार ना? मग एडवणवरनं जाणार. आणि तशीच उभी राहिली, पीठ लागलेले हात घेऊन. तव्यावरची भाकरी जळली. तेहेतीस वर्षांत पहिली. मी तिच्या लक्षात आणून दिलं.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

साखर आज बंद. (शेजारच्यांनी नवीन वर्षाचा केक आणला, तो धरलेला नाही.)

एडवण हिचं माहेर. सासरे रामू तांडेल, वय चौऱ्याऐंशी, चाळीस-पंचेचाळीस वर्षं होडी हाकली, आता खाटेवर. होडी मेहुणा भिका चालवतो. असं घर, दारात बोंबील वाळतायत, आणि आमची ही आयुष्यात एकदाही समुद्रावर गेलेली नाही. त्यांच्या घरात जुनी रीत, बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही. आठ वर्षांची असताना ही गुपचूप होडीत जाऊन बसली होती. सापडली. आजीने चिंचेच्या फोकाने फोडून काढली, होडी धुतली, पुन्हा नारळ फोडला. बाप बाजूला उभा होता, काही बोलला नाही. मार विसरले, ते नाय विसरले, असं ही म्हणाली.

त्यानंतर बाप मासे घेऊन आला की ही एकच विचारायची, बाबा, पाण्यावरनं आपला गाव कसा दिसतो? ते म्हणायचे, सांगून नाय कळायचं पोरी, बघावं लागतं.

हे सगळं मला आज कळलं. इतकी वर्षं का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, तुमी विचारलं कधी? मी शिफ्टला होतो, हे तिला मान्य करावं लागलं.

रविवार, ४ जानेवारी

एडवणला जाऊन आलो. सासऱ्यांना मी स्वतः ब्रीफ केलं. ऐकून त्यांनी वार कोणता, वेळ कोणती, एवढंच विचारलं. भिका म्हणाला, भावोजी, ते पांढरं जहाज आमाला म्हायती हाय, दर शुक्रवारी पाचच्या सुमाराला आमच्या जाळ्यांच्या भायेरनं जातं.

ठरलं ते असं. शुक्रवारी साडेचारला भिका खाट उचलून बाबांना किनाऱ्यावर आणणार. आमच्या बाल्कनीच्या कठड्याला चंद्रा तिच्या आईचं लाल लुगडं बांधणार आणि हात हलवणार. बापाने लेकीला समुद्रावर बघायचं, लेकीने समुद्रावरून गाव बघायचा. माझी दुर्बीण बाबांना देऊन ठेवली. टाइम-चार्ट करून भिंतीला चिकटवला. भिका म्हणाला, किनाऱ्यावरनं जहाज अंगठ्याएवढं दिसतं, लुगडं काय दिसणार? मी म्हटलं, दुर्बीण जपानी आहे. सासरे नुसते हसले. म्हाताऱ्या माणसांना टेक्निकल गोष्टींचं कौतुक असतं.

परत येताना रिक्षात ही म्हणाली, एक सांगते ते ऐका. त्या एका तासाला तुमी काय म्हणजे काय करू नका. माझ्या बाजूला नुसते उभे राहा. मी म्हटलं, डन. एवढं सोपं काम मला आजवर कोणी दिलेलं नाही.

शनिवार, १० जानेवारी

चालणं सोमवारपासून. बूट चावतात.

पॅकिंग. माझ्या बॅगेत: शिट्टी, टॉर्च, दोरी, चिकटपट्टी, जाड नॅपकिन चार. ही म्हणाली, जहाज बुडवायला चाललात की वाचवायला? विनोद म्हणून सोडून दिलं. ज्याने बावीस वर्षं मॉक ड्रिल घेतली तो रिकाम्या हाताने जात नाही. सायरन वाजला की आत. दारं-खिडक्या बंद, गॅस शिरू नये म्हणून फटींना ओले टॉवेल, नाकाला ओला नॅपकिन, ऑल क्लियर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकलं नाही असं कुत्रंसुद्धा बोईसरमध्ये सापडणार नाही. सोसायटीतली पोरं मला ऑल क्लियर काका म्हणतात. आदर आहे.

हिच्या बॅगेत लुगडं. चार वेळा घडी मोडून पुन्हा घातली. सुक्या जवळ्याची चटणीही घेतलीय. जहाजावर पंचवीस प्रकारचं जेवण असतं, असं पालघरचा ट्रॅव्हलवाला धर्मेश सांगत होता, तरी चटणी. माणसाला बदल स्वीकारता आला पाहिजे. (मेथीचे लाडू माझ्या बॅगेत आहेत, ते औषधी.)

शुक्रवार, १६ जानेवारी. सकाळी ११.४०

जहाजावर. जहाज कसलं, सोसायटीच्या आठ बिल्डिंगा आडव्या ठेवल्यात. केबिन छान, पण बाथरूमचा एक्झॉस्ट अंडरसाइज आहे. सांगितलं. केबिन बघणारे गोव्याचे गृहस्थ थँक यू सर म्हणाले. त्यांना हे कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

बाल्कनी उजव्या अंगाला. जाताना गाव उजव्या हाताला येणार, हे हिनेच धर्मेशला सांगून ठेवलं होतं. मी लेआउट बघून डावी बाजू म्हणत होतो, पण त्यांच्या ड्रॉइंगवर नॉर्थचा बाण नाही. प्रोफेशनल लोक नाहीत.

दुपारी १.३०

सेफ्टी ड्रिल झालं. अतिशय ढिसाळ. एक मुलगी लाइफ जॅकेट घालून दाखवते आणि सगळे तिचे फोटो काढतात. शेजारच्या केबिनमधला निमेश, पालघरचाच, आणि त्याची नवी बायको रिद्धी, दोघे माझ्या बाजूला होते. ड्रिल खरं कसं असतं ते मी त्यांना समजावून दिलं, वाऱ्याची दिशा इथपासून. त्यामुळे ती मुलगी काय सांगत होती ते ऐकायचं राहिलं. पण चंद्रा पुढे जाऊन उभी होती. येऊन म्हणाली, सात बारीक आणि एक लांब वाजला की डेकवर, भायेर यायचं. मी म्हटलं, तू चुकीचं ऐकलंस. सायरनला कोणी बाहेर येतं का?

दुपारी ४.१०

दोनला निघालो. समुद्र शांत. मी बफेमध्ये हलकंच घेतलं. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून पुन्हा घेतलं.

हिला मी असं कधी पाहिलं नाही. कठड्याला धरून उभी आहे ती उभीच. खाली काही नाही नुसतं पाणी, तरी बघतेय. म्हणाली, बाबा हा वास अंगाला घेऊन घरी यायचे. मी म्हटलं, आयोडीन. लुगडं मी बांधून दिलं, पक्क्या गाठीने. वाऱ्यावर चांगलं फडफडतंय. मोबाइलला रेंज नाही आणि इंटरनेटचं पॅकेज मी घेतलेलं नाही. तीन दिवस जगापासून दूर राहावं माणसाने.

पाच वाजता मी फक्त उभा राहणार आहे. तयारी पूर्ण.

संध्याकाळी ६.२०

इमर्जन्सी हाताळली. शांतपणे लिहितो, उद्या कदाचित रिपोर्ट मागतील.

४.५५ ला दोघे बाल्कनीत. मी बाजूला उभा. काही करत नव्हतो. डोंगराची रेघ धूसर दिसायला लागली होती, ही बोट दाखवून काहीतरी सांगत होती, आणि ५.०८ ला सायरन. जोरात, तोडून तोडून, चार-पाच वेळा. मी एका सेकंदात हिला आत घेतलं, काचेचं दार लावलं, कडी घातली. टॉवेल ओले करून खालच्या फटीत. हिला नॅपकिन दिला. ही म्हणाली, हा तो नाय, सात कुठं वाजले, हा जहाजाचा भोंगा हाय, कुणाची तरी होडी आडवी आली असेल, मला जाऊ द्या. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. घाबरलेला माणूस काहीही बोलतो, त्याला मॅन्युअलमध्ये वेगळा परिच्छेद आहे. ती तीन वेळा म्हणाली, मला जाऊ द्या. मग पलंगावर बसली आणि पुढे एक शब्द बोलली नाही. ट्रेनिंगचा परिणाम.

पंचवीस मिनिटांनी ऑल क्लियर न येताच मी स्वतःच्या जबाबदारीवर दार उघडलं. हवा स्वच्छ. नुसतं पाणी. एडवण मागे गेलं होतं. लुगडं मात्र जागेवर, गाठ तसूभर हललेली नाही.

गोव्याच्या गृहस्थांना विचारलं, लीकेज कुठे होतं? ते म्हणाले, सर, मासेमारीची होडी जवळ आली होती, तिला बाजूला व्हायला हॉर्न दिला. असो. बेटर सेफ दॅन सॉरी, हे आमच्या प्लांटच्या गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

ही लुगड्याची घडी करतेय. थकली असेल.

शनिवार, १७ जानेवारी. सकाळी १०

हे लिहू की नको. पण खरं लिहायचं असं मीच ठरवलंय.

नाश्त्याला निमेश आणि रिद्धी आमच्या टेबलावर आले. निमेश म्हणाला, अंकल, काल काय सीन मिस केलात! एकदम जवळून होडी गेली, मी पूर्ण शूट केलंय. आणि मोबाइल हिच्यासमोर धरला.

होडी. तिच्यावर लाल झेंडा. सुकाणूवर भिका. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत सासरे, पडू नयेत म्हणून छातीला पंचा गुंडाळून डोलकाठीला बांधलेले. माझी दुर्बीण गळ्यात होती पण ते ती लावत नव्हते. दोन्ही हात वर करून हलवत होते. जहाजाचा भोंगा वाजतोय, रिद्धीच्या हसण्याचा आवाज येतोय, ओ माय गॉड, हाऊ क्यूट, आणि म्हातारा हात हलवतोय. मग त्यांनी हात खाली घेतले आणि एक तळवा कपाळावर धरला. शोधत होते. मग निमेशने कॅमेरा फिरवला तर आमची बाल्कनी आली. लाल लुगडं फडफडतंय. मागे काचेचं दार बंद. खाली पांढरे टॉवेल.

हिने व्हिडिओ दोनदा बघितला. मोबाइल परत दिला. निमेशला म्हणाली, बाळा, मला पाठव हा. आणि उठून गेली. इडली तशीच होती.

दुपारी १

दीवसमोर नांगर टाकलाय. रेंज आली. भिकाचा मेसेज, कालचा, दुपारी तीनचा. ताय, बाबा आयकत नाय. बोलतो किनाऱ्यावरनं नाय बघणार, पाण्यावरनं बघणार. बोलतो मी त्या वेळी आजीला बोलायला पायजे होतं. होडीतनं आणतो. उजव्या अंगाला बघ.

इंटरनेटचं पॅकेज घेतलं असतं तर हा मेसेज काल मिळाला असता. पण असल्या पॅकेजच्या अटी कधी स्पष्ट नसतात. दोष सिस्टिमचा आहे.

रविवार, १८ जानेवारी

काल संध्याकाळपासून पोट ठीक नाही. ही समुद्र लागण्याची केस नव्हे. माझं शरीर चौतीस वर्षं पक्क्या फाउंडेशनवर उभं राहिलंय, त्याला सेट व्हायला वेळ लागतो. मेथीचे लाडू उतरत नाहीत. ही वर डेकवर असते. काल चक्कर टाकली तर ती कठड्याशी, वाऱ्यात, ढिम्म उभी. जहाज डोलतंय आणि ती जमिनीवर असल्यासारखी. तांडेलाची मुलगी, रक्तातच असणार. आम्ही मनोरचे, शेतीवाले.

माफी मागायचं ठरवलं होतं. आज तीन वेळा. सकाळी वारा फार होता. दुपारी मला बेसिन सोडता येत नव्हतं. संध्याकाळी बोललो. म्हटलं, झालं ते झालं, पण हेतू शुद्ध होता. ती म्हणाली, मी काय मागितलं होतं? मी म्हटलं, नुसतं उभं राहायला. ती म्हणाली, मग?

मग याचं उत्तर माझ्याकडे होतं, ते तिला देता आलं नाही, इथे लिहितो. अपेक्षा पाच वर्षांची होती तेव्हा आमच्या घराजवळच्या एका कंपनीत गॅस गळला होता. मी प्लांटवर. ही पोरीला पोटाशी धरून सहा तास बंद घरात, ओला टॉवेल तोंडाला लावून. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो आणि आल्या आल्या विचारलं, फटींना टॉवेल नीट लावले होतेस ना? तिने माझ्याकडे बघितलं होतं ते अजून आठवतं. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, पुढच्या सायरनला मी घरी असणार. बावीस वर्षं वाट बघितली आणि तो वाजला तो असा.

हे तिला सांगायला हवं. उद्या सांगतो. शांतपणे, मुद्देसूद.

सोमवार, १९ जानेवारी

परतीच्या वाटेवर एडवण अंधारात गेलं. ही डेकवर होती, असं सकाळी कळलं. एक दिवा दिसला म्हणाली, कुणाचा ते नाय कळलं.

मुंबईहून गाडीत समोरासमोर बसलो. मुद्दे मनात क्रमाने लावले होते. वैतरणेच्या पुलावर सुरुवात करणार तेवढ्यात बाजूच्याने विचारलं, काका, बोईसरला किती वाजता पोचते? त्याला सगळं सांगेपर्यंत सफाळे आलं, एडवणला जायचं स्टेशन. ही बॅग घेऊन उठली. म्हणाली, मी बाबांकडं जाते. मी म्हटलं, किती दिवस? गाडी सुटली.

चांगलं झालं. बापाजवळ चार दिवस राहिली की मन निवेल. मलाही नवीन दिनक्रम बसवायला मोकळीक.

बुधवार, २१ जानेवारी

भाकरी करून बघितली. पहिली थोडी जाड. दुसरी जाड. तिसरीला आकार होता.

भिकाचा फोन. वाऱ्यात बसून बाबांना कफ झालाय. मी म्हटलं, होडीतून न्यायचा निर्णय माझ्या चार्टमध्ये नव्हता. तो म्हणाला, व्हय भावोजी. मग सांगितलं की ही घरात शिरली तेव्हा बाबा म्हणाले, लुगडं दिसलं, तू नाय दिसलीस. हिने काय सांगितलं विचारलं. काय नाय बोलली, पाय दाबत बसली.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी इतकी नजर! दुर्बिणीशिवाय. मी त्यांना शेवग्याचा पाला खायला सांगितलं होतं ते कामी आलं.

आणखी एक. बाबांनी हुकूम सोडलाय, रविवारी ताईला आपल्या होडीतून समुद्रावर न्यायची. म्हणाले, मी खाटेवरून बघेन, कोण काय बोलतो ते मला बघायचंय. मी लगेच म्हटलं, मी येतो, लाइफ जॅकेट आणतो, शिट्टी आणतो. भिका म्हणाला, ताय बोलते की तुमी नाय आलात तरी चालेल. चालेल म्हणाली. म्हणजे आलं तरी चालेल.

शनिवार, २४ जानेवारी

पहाटे सासरे गेले.

भिकाने फोन केला. ही पलीकडे होती, तिचा आवाज येत होता, फोनवर आली नाही. मी जॅकेटं पॅक करून दाराशी ठेवली होती, उद्यासाठी. तीन आणली होती. एक त्यांच्या मापाचं.

सोमवार, २६ जानेवारी. एडवण

आज राख समुद्रात सोडली. होडी काढली तेव्हा गावातले दोन म्हातारे कुजबुजले. भिका सगळ्यांदेखत म्हणाला, बाबांनी सांगून ठेवलंय, ताय होडीत येणार. कोणी पुढे काही बोललं नाही. मडकं हिच्या मांडीवर. आईचं लाल लुगडं हिने खांद्यावरून घेतलं होतं.

मी जॅकेट पुढे केलं. तिने ते घेतलं आणि वाळूवर ठेवलं. मग म्हणाली, तुमी इथंच उभे राहा. काय करू नका.

उभा राहिलो. पाणी घोट्यापर्यंत येत होतं, सरकलो नाही. शिट्टी खिशात होती, काढली नाही. होडी लांब गेली, लाल ठिपका राहिला, मग तोही दिसेना. वाऱ्याची दिशा बघितली नाही. एक तास आणि सात मिनिटं. जमलं. आयुष्यात पहिल्यांदा जमलं, आणि होडीतली खुर्ची रिकामी झाल्यावर. मला रडू आलं, ते आलं. इथे लिहायला हरकत नाही.

होडी आली. ही उतरली, कमरेपर्यंत भिजलेली. मी विचारलं, कसा दिसतो गाव? म्हणाली, दिसला. मग म्हणाली, तुमी पण दिसलात. एवढेसे.

नोंद: दिसलो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काल बारावा झाला. आज हिला घरी आणायला म्हणून मी गाडी ठरवून ठेवली होती. घर झाडून घेतलं होतं, कढईसुद्धा घासली होती. गॅसवाल्या दिवसाचे मुद्दे कागदावर लिहून नेले, आणि यावेळी खरंच बोललो. पडवीत, ती सुके बोंबील निवडत असताना. सगळं सांगितलं. पुढच्या सायरनला घरी असायचं ठरवलं होतं, हेही.

तिने ऐकून घेतलं. बोंबील निवडायची थांबली नाही. मग म्हणाली, त्या दिवशी टॉवेल नीट लावले होते. तुमी विचारलं तेव्हा सांगायचं राहून गेलं.

मी म्हटलं, चल मग. ती म्हणाली, मी हितं राहते. भिकाची बायको एकटी पडते, सुकटीचा हंगाम हाय. अपेक्षाला सांगितलंय. मी म्हटलं, हंगाम संपल्यावर? ती म्हणाली, तुमी जेवून जा.

जेवलो. चटणी उत्तम होती. डबाभर बांधून दिली. डबा परत करायला जावं लागेल, म्हणजे जाणं-येणं राहील. एकूण परिस्थिती सुधारतेय असं माझं मत.

सोमवार, ९ फेब्रुवारी. सकाळी १०.२५

दहाला सायरन वाजला. टेस्टचा. सोमवारी दहाला टेस्ट ही पद्धत मीच सुरू केली होती, त्यामुळे मला माहीत असायला हरकत नाही. तरी उठलो. खिडक्या लावल्या. गॅलरीचं दार लावलं, कडी घातली. नॅपकिन ओले केले.

दोन केले.

एक नाकाला धरला. दुसरा हातात घेऊन पलंगावर बसलो. ऑल क्लियर वाजला तरी थोडा वेळ बसलो होतो. मग दुसरा पिळून दोरीवर वाळत टाकला.